नवीनच आयटी मॅनेजर झालो, ईआरपीत कोणी धड एंट्री करत नाही, आधी काय करू?

बुटीबोरी_रात्रपाळी:

नमस्कार मंडळी, इथले जुने धागे वाचून खूप शिकलो, आज पहिल्यांदा स्वतः लिहून राहिलो. मी नागपूरचाच, बुटीबोरी एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कंपनीत ९ वर्षं झाली, आतापर्यंत हार्डवेअर आणि नेटवर्क पाहायचो, म्हणजे प्रिंटर अडकला, नेट गेलं, कॅमेरा दिसत नाही की मला फोन. आमचे आयटी हेड पुण्याला गेले आणि दिवाळीनंतर मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आता तूच पाहा. घरी सगळे खूश, आईने कॉलनीत संत्रा बर्फी वाटली, पण मला तेव्हापासून धड झोप नाही.

मुद्दा असा आहे की ३ वर्षांपूर्वी ईआरपी (खरेदी, स्टोअर, प्रॉडक्शन, हिशोब सगळं एकाच ठिकाणी नोंदवायचं सॉफ्टवेअर) घेतलं, ते सुरू आहे पण मनापासून कोणी वापरत नाही. स्टोअरची लाल वही चालूच आहे, डिस्पॅचचं वेगळं एक्सेल, प्रॉडक्शनवाले फळ्यावर लिहितात आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. परवा मालकांनी स्टॉक काढायला लावला, स्क्रीनवर ६२०५ बेअरिंग ३४० नग आणि रॅकवर मोजले तर २१२. सगळ्यांसमोर म्हणाले, एवढे पैसे ओतले, आयटी काय करून राहिलं? मी गप्प बसलो, काय बोलणार.

त्यात पुढच्या वर्षाचं बजेट १५ दिवसांत मागितलंय. ६२ पीसी आहेत, सगळे विंडोज १० वर, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि निम्म्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणजे विंडोज ११ चढणारच नाही. सगळे बदलायचे म्हटले तर मालक आकडा पाहूनच नाही म्हणतील.

एमबीए वगैरे नाही माझ्याकडे, पॉलिटेक्निक केलंय. कोणी म्हणतं आयटीआयएलचा, म्हणजे आयटीचं काम कसं चालवायचं त्या पद्धतीचा, कोर्स कर, कोणी म्हणतं नवीन ईआरपीच घ्या. ज्यांनी कंपन्यांमध्ये आयटी सांभाळण्यात आयुष्य घातलं त्यांना विचारतो, माझ्या जागी तुम्ही असता तर आधी काय केलं असतं?

घाटरोडचे_काका:

तू म्हणतो, चालेल ना, माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल. मी १९९५ ला हिंगण्याच्या एका कारखान्यात लागलो तेव्हा आयटी म्हणत नव्हते, ईडीपी डिपार्टमेंट म्हणायचे, फॉक्सप्रोवर पगारपत्रक आणि डॉट मॅट्रिक्सचा आवाज दिवसभर. २८ वर्षं हेच काम केलं, शेवटची १५ मॅनेजर म्हणून, २०२३ ला रिटायर झालो.

पहिलं सांगतो, नवीन ईआरपी अजिबात घेऊ नको. ती लाल वही आहे ना, तिच्याजवळ जाऊन बस.

माझ्याकडेही हाच प्रकार झाला होता. सिस्टीममध्ये एंट्री नाही म्हणून मी स्टोअरकीपरवर दोनदा मेल लिहिले, साहेबांना सीसी करून. मग एक दिवस बायको म्हणाली की तुम्ही त्याला विचारलं का कधी, तो का करत नाही. मी ३ दिवस त्याच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसलो. काय दिसलं सांगतो. सकाळी ७ वाजता माल घेऊन गाडी यायची, आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायला सिस्टीम पीओ नंबर, म्हणजे खरेदी ऑर्डरचा नंबर, मागायची, आणि परचेसवाले यायचे साडेनऊला आणि पीओ बनवायचे ११ नंतर, कारण ऑर्डर आदल्या दिवशी फोनवर दिलेली असायची. तोपर्यंत त्या माणसाने गाडी उभी ठेवायची का? त्याने माल उतरवून घेतला आणि वहीत लिहिला. दुपारपर्यंत अर्धा माल शॉपवर, म्हणजे मशीनकडे, गेलेला, आता सिस्टीममध्ये जो माल आलाच नाही तो इश्यू कसा करणार, म्हणजे स्टोअरमधून दिल्याची नोंद कशी करणार. आणि दुसरी गोष्ट, सळ्या बिलावर किलोत यायच्या आणि शॉपला जायच्या नगात, आम्ही सिस्टीममध्ये एकच युनिट टाकलेलं. तो बिचारा डोक्यात हिशोब करून लिहायचा. त्याची वही बरोबर होती आणि माझी सिस्टीम चूक होती, आणि मेल मी त्याच्यावर लिहिले होते. मी त्याची माफी मागितली, चारचौघांत मागितली.

तुझे ३४० आणि २१२ मधले १२८ कुठे तरी असेच अडकले असतील. चोरी झाली असं म्हणायच्या आधी रस्ता तपास, गेटपासून रॅकपर्यंत आणि रॅकपासून मशीनपर्यंत, पायी.

आयटीआयएल वाईट नाही. ब्रिटिश सरकारच्या खात्यातून १९८० च्या दशकात निघालं, त्यांनाही तेच दुखणं होतं, प्रत्येक ऑफिस आयटी आपापल्या पद्धतीने चालवायचं. कोर्स पुढे कर. पण त्यातली एक गोष्ट आजपासून वापर, इन्सिडेंट वेगळा आणि प्रॉब्लेम वेगळा. प्रिंटर अडकला, कागद काढून दिला, हा इन्सिडेंट. तोच प्रिंटर महिन्यात ९ वेळा अडकला, हा प्रॉब्लेम. आमच्याकडे बिलिंगचा प्रिंटर दर उन्हाळ्यात अडकायचा, रोलर दोनदा बदलला, मग एका पोराने कॉलचं रजिस्टर काढून पाहिलं तर सगळे कॉल एप्रिल ते जून. डेझर्ट कूलरची झोत सरळ पेपर ट्रेवर, कागद ओलसर होऊन चिकटायचा. प्रिंटर ४ फूट सरकवला, कॉल बंद. एक महिना प्रत्येक फोन लिहून ठेव, कोणाचा, किती वाजता, कशासाठी. दुसरं काही नाही केलं तरी चालेल.

बॅकअपबद्दल रात्री लिहितो, ते मोठं आहे.

हिंगण्याची_ईआरपीवाली:

काकांनी लिहिलं त्याच्या प्रत्येक ओळीला माझं हो आहे. मी १४ वर्षं ईआरपी बसवण्याचंच काम करते, विदर्भातल्या कारखान्यांत जास्त. दादा, तुम्ही एक करा, आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या वस्तूंची कोडसह यादी, एक्सेलमध्ये काढा आणि त्यात ६२०५ शोधा. मला वाटतं एकापेक्षा जास्त सापडतील. "बेअरिंग ६२०५", "६२०५ बेअरिंग", "बीआरजी ६२०५ झेडझेड", "बेअरींग ६२०५" दीर्घ री वालं, हे मी स्वतः पाहिलंय, एकाच बेअरिंगचे चार कोड, खरेदी एकावर आणि इश्यू दुसऱ्यावर. त्यात झेडझेड म्हणजे पत्र्याच्या झाकणाचं आणि टूआरएस म्हणजे रबर सीलचं, हे दोन खरंच वेगळे आहेत, ते एकत्र करून बसाल तर मेंटेनन्सवाले रडतील. म्हणून मास्टर साफ करताना आयटीवाल्याने एकट्याने बसायचं नाही, स्टोअर आणि मेंटेनन्सचा माणूस शेजारी हवाच.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा माझ्या सहा क्लायंटकडे एकाच वेळी काम सुरू होतं. सगळ्यांना वाटत होतं टॅक्सचं सॉफ्टवेअर बदलणं हे अवघड, ते तर पॅच, म्हणजे दुरुस्तीचा छोटा अपडेट, टाकून झालं. अवघड काय गेलं तर प्रत्येक आयटमला एचएसएन कोड, म्हणजे टॅक्ससाठी मालाच्या वर्गवारीचा नंबर, लावणं, कारण मास्टरमध्ये १८ हजार आयटम आणि त्यातले खरे चालू ५ हजारही नाहीत. ३० जूनच्या रात्री २ वाजेपर्यंत आम्ही बसलो होतो, त्या कंपनीतल्या स्टोअरच्या एका ताईंनी डबा आणून दिला आणि तोंडपाठ सांगत होत्या की हा पार्ट २०११ पासून वापरात नाही, काढून टाका. तेव्हापासून नवीन कोड उघडायचा अधिकार मी एकाच माणसाकडे ठेवायला लावते, बाकीच्यांनी फॉर्म भरून मागायचा. लोक चिडतात सुरुवातीला, पण हाच एक ठिकाणी कडकपणा मला कामाचा वाटतो.

आणि नवीन काहीही सुरू करायचं ते मार्चमध्ये नको. अकाउंट्सचे लोक इअर एंडिंगमध्ये जेवायला उठत नाहीत, तुमची ट्रेनिंग कोण ऐकेल.

लॉक_करा_भाऊ:

माझं मत वेगळं आहे. इतकं गोडगोड केलं तर कोणी ऐकत नाही. मी माझ्या कंपनीत सरळ सिस्टीम लॉक केली, ईआरपीत इनव्हॉइस नाही तर गेटपास निघणार नाही आणि गेटपास नाही तर गाडी बाहेर नाही. आठ दिवस आरडाओरड झाली, मग सगळे शिकले. मालकाचा सपोर्ट घ्या आणि लॉक करा. वही जप्त करा.

डिस्पॅच_कळमना:

मी आयटीवाला नाही, मी दुसऱ्या बाजूचा आहे, २२ वर्षं डिस्पॅच करतो म्हणून लिहू का नको विचार करत होतो. पण लॉक करा वाल्या भाऊचं वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे असंच लॉक केलं होतं. आणि ई-वे बिल, म्हणजे मालाच्या गाडीसोबत लागणारा ऑनलाइन कागद, त्याच्या पोर्टलला एकच लॉगिन, सगळे तेच वापरायचे, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला. २०२५ मध्ये पोर्टलने ओटीपी सगळ्यांना कंपल्सरी केला, मोठ्या टर्नओव्हरवाल्यांना जानेवारीपासून आणि १ एप्रिलपासून सगळ्यांनाच. ओटीपी जायचा साहेबांच्या मोबाइलवर. रात्री पावणेबारा वाजता रायपूरची गाडी भरून उभी, काटा झाला, ताडपत्री बांधली, आणि साहेबांचा फोन बंद, झोपले ते, त्यांचा काय दोष. ड्रायव्हर माझ्याकडे पाहून राहिला, मी स्क्रीनकडे. त्याला सकाळी ९ ला पोचायचं होतं, उशीर झाला तर त्याचं भाडं कापतात. गाडी सकाळी ७ ला निघाली. तो माणूस रात्रभर केबिनमध्ये बसला, मी त्याला माझ्या डब्यातली भाकर दिली, अजून काय करू शकत होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या आयटीच्या मॅडम आल्या, त्यांनी मला ओरडल्या नाही, म्हणाल्या दाखवा काय झालं. मग त्यांनी आम्हा तिघांना वेगवेगळे सब-यूजर करून दिले, प्रत्येकाचा आपापला मोबाइल नंबर, आपापला ओटीपी. अर्धा तास लागला असेल. पोर्टलमध्ये ती सोय होतीच, फक्त रात्री गेटवर काय होतं हे कोणाला माहीत नव्हतं. मी त्या मॅडमचं कोणतंही काम आजही पहिल्यांदा करतो, त्यांनी म्हटलं एंट्री करा तर करतो.

लॉक करा, पण लॉक करायच्या आधी एक रात्र गेटवर काढा एवढंच म्हणणं आहे. काही चुकलं असेल तर माफ करा, मोबाइलवर लिहून राहिलो.

लॉक_करा_भाऊ:

नाही भाऊ, बरोबर लिहिलं. आमच्याकडे रात्रपाळी नाही म्हणून हे लक्षात आलं नाही. लॉक करण्याआधी सगळे लॉगिन तपासायला हवेत हे मान्य. वही जप्त करा हे पण मागे घेतो.

घाटरोडचे_काका:

आता बॅकअप. हे लिहिताना आजही पोटात कसंतरी होतं.

आमच्याकडे रोज रात्री टेपवर बॅकअप व्हायचा, सकाळी लॉग पाहायचो, सक्सेसफुल लिहून यायचं, मी सही करायचो, टेप तिजोरीत. १४ महिने रोज सही केली. मग मे महिन्यात, ४५ च्या वर तापमान, शनिवारी दुपारी लाइट गेली आणि परत आली. सर्व्हर यूपीएसवर चालू राहिला पण रूमचा एसी परत सुरू झालाच नाही, त्यात आपोआप सुरू व्हायची सोयच नव्हती, आणि रविवार असल्यामुळे कोणी पाहायला नव्हतं. सोमवारी सकाळी दार उघडलं तर भट्टीसारखी झळ आली. दोन डिस्क गेल्या होत्या, रेड ५ मध्ये, म्हणजे डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवायच्या पद्धतीत, एक गेली तर चालतं, दोन गेल्या की संपलं.

मी म्हटलं काळजी नाही, टेप आहे. टेप लावली, रिस्टोर केलं, आणि त्यात जुन्या ड्राइव्हचा फोल्डर निघाला. १४ महिन्यांपूर्वी डेटाबेस आम्हीच मोठ्या ड्राइव्हवर हलवला होता आणि बॅकअपच्या जॉबमध्ये जुनाच पाथ राहिला होता. रोज रात्री तो जुना, शिळा फोल्डर इमानदारीने टेपवर जायचा आणि रोज सकाळी मी सही करायचो. डेटा रिकव्हरीवाल्यांकडे डिस्क पाठवल्या, बराचसा परत आला, शेवटचे ११ दिवस नाही आले. अकाउंट्सच्या बायका दोन रविवार येऊन व्हाउचरवरून परत एंट्री करत होत्या, त्यातल्या एकीच्या मुलाचा वाढदिवस होता त्या दिवशी. मला कोणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

म्हणून सांगतो, लॉगवर सही करू नको, रिस्टोर कर. दर ३ महिन्यांनी एक वेगळी मशीन घे, त्यावर बॅकअप चढव, आणि तू स्वतः पास करू नको, अकाउंट्सवाल्यांना बसव आणि म्हण की कालचं ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकेचा तक्ता, यातून काढून जुळवा. जुळलं तर बॅकअप आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक कंपनीच्या बाहेर, हे तर सगळे सांगतात, पण आता रॅन्समवेअरमुळे, म्हणजे डेटा लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसमुळे, एक प्रत अशी ठेव जी नेटवर्कला जोडलेलीच नाही, कारण ते आधी जोडलेला बॅकअपच शोधून लॉक करतं.

आणि सर्व्हर रूममध्ये तापमानाचा अलार्म लाव, फोनवर मेसेज येईल असा. यूपीएसच्या बॅटरीची तारीख पण पाहा, त्या २५ डिग्रीसाठी बनलेल्या असतात, वर दर १० डिग्रीला आयुष्य साधारण अर्धं होतं. नागपुरात कॅटलॉगमधली वर्षं धरून चालू नये.

आता बजेट. मालकाला टीपीएम सांगू नको, त्यांना त्याचं काही नाही, आणि ते बरोबरच आहे त्यांचं. त्यांना विचार की डिस्पॅच एक दिवस बंद राहिला तर किती रुपये अडकतात, आकडा त्यांच्याच तोंडून येऊ दे. मग २०१७ ची गोष्ट सांग. वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर १२ मे ला आला, शुक्रवार होता. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच १४ मार्चलाच दिला होता, म्हणजे जवळपास दोन महिने हातात होते. ज्यांनी टाकला ते शनिवारी घरी होते. मी टाकला होता ऑफिसच्या मशीनवर, पण शॉपवरच्या मशीनला हात लावला नव्हता, प्रॉडक्शन थांबेल म्हणून, आणि त्या शनिवारी सकाळी मी स्वतः शॉपमध्ये फिरून एकेक केबल काढत होतो. वाचलो. सपोर्ट संपलेल्या विंडोजला पुढचा पॅच येईलच असं नाही, फरक एवढाच.

६२ एकदम बदलू नको. अकाउंट्स, बँकेचं काम जिथे होतं ते, आणि ज्यावर बाहेरचे मेल उघडतात ते पहिल्या तिमाहीत. ज्यात विंडोज ११ चढतं त्यात चढव, खर्च नाही. मशीनला जोडलेले जे पीसी हलवताच येत नाहीत त्यांचं नेटवर्क वेगळं कर, त्यांना इंटरनेट कशाला हवं. राहिलेल्यांसाठी एक्सटेंडेड सपोर्ट, म्हणजे पैसे देऊन पुढचे पॅच, विकत मिळतो, पण तो दरवर्षी महाग होत जातो हे मालकांना लिहून दे. आणि एक कागद कर, कोणता पीसी बदलला नाही तर काय होऊ शकतं, आणि खाली त्यांची सही घे. त्यांना अडकवायला नाही, निर्णय त्यांचा आहे म्हणून. धंद्यात किती जोखीम घ्यायची हे मालकाने ठरवायचं, आपण ती जोखीम स्पष्ट दिसेल असं करून द्यायचं. हे समजायला मला २० वर्षं लागली, आधी मी सगळं स्वतःच्याच डोक्यावर घेऊन फिरायचो, त्यातून बीपी लागलं.

हिंगण्याची_ईआरपीवाली:

त्या कागदात सर्ट-इनचं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं, पण टाका. एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ला झाला तर लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. बऱ्याच कारखान्यांत हे मालकांना माहीतच नसतं. आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉग, म्हणजे कोणती नोंद कधी बदलली याची नोंद, सुरू ठेवावा लागतो, तो बंद करता येत नाही ना, एकदा तपासून घ्या, ऑडिटर विचारतील.

बुटीबोरी_रात्रपाळी:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, ३ आठवडे झाले, काय झालं ते लिहितो.

६२०५ चे ३ कोड निघाले, ताई. ८० नग फक्त त्याच्यातच गेले, एका कोडवर खरेदी होती आणि दुसऱ्यावर उणे स्टॉक. राहिलेले ४८ शॉपवर फिटरच्या कपाटात, मेंटेनन्सवाले लागतील म्हणून आधीच घेऊन ठेवतात, रात्री स्टोअर बंद असतं ना. म्हणजे तेही चुकीचं करत नव्हते. आता त्या कपाटाला सिस्टीममध्ये वेगळं लोकेशन दिलंय.

दोन रात्री गेटवर बसलो, कळमन्याच्या भाऊंनी सांगितलं तसंच, लॉगिन एकच आणि नंबर आमच्या जुन्या आयटी हेडचा! ते पुण्याहून रात्री ओटीपी फोनवर सांगायचे इतके दिवस, मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना फोन करून धन्यवाद म्हटले. सब-यूजर झाले.

काका, रविवारी रिस्टोर करून पाहिलं. डेटा आला, पण अटॅचमेंटचा फोल्डर, ज्यात ड्रॉइंग आणि टेस्ट सर्टिफिकेट असतात, तो बॅकअपमध्येच नव्हता. अकाउंट्सच्या मॅडम बसल्या होत्या, ट्रायल बॅलन्स जुळलं, मी खूश झालो, आणि क्वालिटीचे सर सहज म्हणाले माझं एक सर्टिफिकेट उघडून दाखवा. नाही उघडलं. हात थंड पडले माझे. त्याच रात्री जॉबमध्ये टाकलं, पुढच्या रविवारी परत केलं तेव्हा उघडलं.

बजेट मालकांना तुम्ही सांगितलं तसं दिलं, एका दिवसाचा आकडा त्यांनीच सांगितला आणि मग स्वतःच थोडा वेळ गप्प बसले. २६ पीसी मंजूर झाले, नेटवर्क वेगळं करायचं मंजूर झालं, बाकीच्यावर सही करून दिली.

लाल वही सुरूच आहे. स्टोअरवाले काका म्हणाले एक महिना दोन्हीकडे लिहितो, जुळलं तर मीच बंद करतो. ३१ तारखेला पूर्ण मोजणी ठेवलीय. त्यात काही काळजी घ्यायची का?

हिंगण्याची_ईआरपीवाली:

मोजणी सुरू असताना माल आत-बाहेर बंद ठेवा, दुपारपर्यंत तरी, आणि येणाऱ्या गाड्यांना आदल्या दिवशीच फोन करून ठेवा. मोजेल स्टोअरचा माणूस, लिहील अकाउंट्सचा, आणि लिहिणाऱ्याच्या कागदावर सिस्टीमचा आकडा छापू नका, रिकामी जागा ठेवा. आकडा समोर दिसला की मोजणारा नकळत तिथेच येऊन थांबतो. फिटरचं कपाट विसरू नका.

डिस्पॅच_कळमना:

आणि गेटवर पण सांगून ठेवा त्या दिवसाचं, ड्रायव्हर लोकांसाठी पाणी आणि बसायला जागा करा भाऊ, थंडी आहे सकाळची.